बहुमताचा कांदा

ब्रोकन हिल,
डिसेंबरचा दुसरा सोमवार

प्रिय थेल्माताईस,

तुझ्या धाकट्या, आणि सध्या वजनानेही सगळ्यात हलक्या, भावाचा मनापासून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? नवा बसवलेला उत्तम चालतो आणि जुना त्याच्यावर जळतो, असं तू मागे कळवलं होतंस. आता तरी दोघं एका दिशेने चालत असतील अशी आशा करतो. तुमच्याकडे टास्मानियात म्हणे डिसेंबरातही संध्याकाळी स्वेटर लागतो. इथे सकाळी न्याहारीच्या वेळी परसातल्या पत्र्याला चुकून हात लागला तर कातडी तिथेच राहते. काल पश्चिमेकडून धूळ आली आणि धुऊन वाळत घातलेल्या चादरी पुन्हा लाल झाल्या. मी त्या तशाच घडी करून ठेवल्या. (माझी बायको नोरीन असती तर घडी केली नसती, मलाही करू दिली नसती.)

मी बरा आहे असं लिहायची पद्धत आहे. मी बरा नाही. पण घाबरू नकोस, मरणारही नाही. डॉक्टरांनी नळी घालून आतला सगळा मुलूख पाहिला. (खाणीत मी जन्मभर दिवा घेऊन उतरलो. माझ्याच आत कोणी दिवा घेऊन उतरेल असं कधी वाटलं नव्हतं.) आत वाईट काही नाही, फक्त आतडी चिडखोर झाली आहेत, असा निकाल लागला. शेजारचा नेव्ह हे ऐकून म्हणाला, "क्लॅरी, एवढ्यासाठी नळी कशाला घातली? मला विचारलं असतं तर मी कुंपणावरूनच सांगितलं असतं." युनियनमध्ये जन्मभर माझ्या बाजूला बसलेला माणूस हे बोलतो!

डॉक्टरांनी मला अ‍ॅडलेडच्या आहारतज्ज्ञ बाईंकडे सोपवलं. मिस ओकली त्यांचं नाव. त्या पडद्यावर दिसतात आणि दारूच्या नशेतल्या माणसाशी बोलावं तशा सावकाश, गोड आवाजात बोलतात. मी काय खायचं नाही ते त्यांनी सांगितलं आणि मी ऐकत राहिलो. कांदा नाही, लसूण नाही, गहू नाही. सफरचंद, मध, दूध, फ्लॉवर, मशरूम, कडधान्यं नाहीत. बाहेर उकळत असताना कलिंगडसुद्धा नाही. केळं चालेल, पण जरा कच्चं. पिकलं की ते शत्रुपक्षात गेलं. पातीच्या कांद्याची हिरवी पात चालेल, खालचा पांढरा भाग चालणार नाही. नेव्हला हे सांगितलं तर म्हणाला, म्हणजे एकाच कुटुंबात बाप गुन्हेगार आणि पोरं निर्दोष. मी म्हणालो, हा विनोद नाही. तो म्हणाला, मग हसतोय कोण?

ताई, या वयात मला एक नवं ज्ञान झालं, आणि ते मी चौकात खोक्यावर उभा राहून सांगायला तयार आहे. कांदा हा या देशातला खरा सत्ताधारी वर्ग आहे! जिथे दिसतो तिथे तो थोडा असतो. जिथे दिसत नाही तिथेच तो सगळा असतो. ग्रेव्हीच्या पुडीत कांदा. सॉसेजमध्ये कांदा. रस्सा करायच्या वडीत कांदा. बटाट्याच्या चिप्सवर भुरभुरतात त्या खारट पिवळ्या भुकटीतही कांदा. पाकिटावर त्याचं नावसुद्धा नसतं, नुसतं "मसाले" लिहिलेलं असतं. त्याला कोणी निवडून दिलं नाही, कोणी जाब विचारत नाही आणि त्याच्यावाचून कोणाचं चालतही नाही. मी जन्मभर खाणमालकांशी भांडलो, पण त्यांच्यात एवढी लपून बसायची अक्कल नव्हती. हे सगळं मी दुकानात ग्रेव्हीच्या फळीसमोर जरा मोठ्याने बोललो. एका बाईने आपली सामानाची ढकलगाडी पलीकडच्या रांगेत वळवली.

आता मुद्द्यावर येतो. (येतोय, ताई. उसासे टाकू नकोस, मला इथपर्यंत ऐकू येतात.) नोरीन गेल्यानंतरचा हा पहिला नाताळ. लिनेटने ऑक्टोबरातच फोन केला. म्हणाली, "बाबा, यंदा तुम्ही आमच्याकडे अ‍ॅडलेडला या. तुम्हाला स्वयंपाक येत नाही, आणि तुम्ही काही खातही नाही." मी म्हणालो, या घरात नाताळचं जेवण आजोबांच्या काळातल्या त्या लांबलेल्या संपातही झालं होतं, तेव्हा घरात शिजवायला बटाट्यांशिवाय काही नव्हतं. ती म्हणाली, "बाबा, संप काढू नका." मग ती म्हणाली, ठीक आहे, पण आधी मला एक जेवण करून दाखवा. सगळ्यांनी जेवलं पाहिजे आणि तुम्हीही जेवलं पाहिजे. जमलं तर आम्ही सगळे तिकडे येऊ. नाही जमलं तर या वर्षीपासून नाताळ अ‍ॅडलेडला, कायमचा.

'कायमचा' हा शब्द तिने हळू उच्चारला. माझ्या पोरीने माझ्याकडून काही उचललं असेल तर ते हे, कुठला शब्द हळू बोलायचा ते. एकदा टेबल तिकडे गेलं की माझी खुर्ची तिकडे जाणार, मग कपडे, मग मी. त्यांच्या परसातल्या शेडला तिने खिडकी पाडून घेतली आहे. विचारलं तर म्हणते, हवेसाठी.

म्हणून मी सभा बोलावली. त्या सभेत तू फोनवर होतीस. पण फोनवरून ऐकू येतं ते वेगळं आणि घडतं ते वेगळं, तेव्हा पुन्हा सांगतो. मागच्या ओसरीवर मी, नेव्ह आणि त्याची डल्सी. फोनवर लिनेट आणि तिने जोडून घेतलेली तू. तुम्ही सगळे म्हणालात, जेवण ठरवायला सभा कशाला? पण ताई, या गावात आपण कुत्र्याचं नावसुद्धा हात वर करून ठरवत आलो. अध्यक्ष मी. (दुसरा कोणी तयार नव्हता. नेव्ह म्हणाला, तू अध्यक्ष नसलास तर दुप्पट बोलतोस.)

पहिला ठराव माझाच होता: एक टेबल, एक पातेलं. म्हणजे नाताळच्या दिवशी सगळ्यांना एकच जेवण. कोणासाठी वेगळी ताटली नाही, आजाऱ्याचं म्हणून कोपऱ्यात झाकून ठेवलेलं काही नाही. यावर मी बोललो, आणि खरं सांगतो, चांगलं बोललो. वेगळी ताटली म्हणजे काय ते मला माहीत आहे. नोरीन शेवटचे तीन महिने वेगळ्या ताटलीत जेवली. आम्ही सगळे एकीकडे आणि तिच्यापुढे ते पांढरं, पातळ काहीतरी. ती आमच्या ताटांकडे बघायची नाही, म्हणून आम्हीही खाली बघून जेवायचो. असं जेवण या टेबलाशी पुन्हा होणार नाही, असं मी म्हणालो. फोनमध्ये कोणीतरी नाक ओढलं. तू असावीस. ठराव एकमताने मंजूर झाला. टाळ्यासुद्धा पडल्या (नेव्हच्या).

इथेच थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण टाळ्या पडल्या की मी थांबत नाही, हे तुला लहानपणापासून माहीत आहे. लगेच दुसरा ठराव मांडला: त्या एका पातेल्यात कांदा नसावा. नेव्हने अनुमोदन दिलं. मग डल्सी उठली. डल्सी सभेत कधी उठत नाही, ती चहा करते. म्हणाली, "क्लॅरी, चाळीस वर्षं टर्कीच्या पोटातलं सारण मी आणतेय आणि चीज-स्लॉही मीच आणतेय. गाजर, चीज आणि मेयोनेज काय, कोणीही किसतं. त्यात कांदा किसते म्हणून लोक माझ्या दारात येतात. नोरीनसुद्धा येत होती. माझा कांदा काढायचा असेल तर मला काढा." फक्त एवढं बोलली आणि बसली. मी अर्धा तास बोललो होतो. तुझ्याही आवाजात फोनमधून आलं, की आईच्या सारणात कांदा होता आणि आईचं सारण ते आईचं सारण. मी मत पुकारलं. बाजूने एक. विरुद्ध तीन: डल्सी, तू आणि नेव्ह. मी नेव्हला विचारलं, अरे, अनुमोदन तूच दिलंस ना? तर म्हणाला, "चर्चा व्हावी म्हणून दिलं रे. चर्चा झाली. आता मला घरी जायचंय आणि डल्सी त्याच घरात राहते." लिनेट म्हणाली, "मी तटस्थ. बाबा, तुम्ही स्वतःची आतडी मतदानाला टाकलीत, कळलं का तुम्हाला?"

मला ते तेव्हा कळलं. एक पातेलं, आणि त्यात कांदा. दोन्ही ठराव रीतसर झालेले, आणि अध्यक्ष मी. साऱ्या आयुष्यात मी लोकांना एकच गोष्ट शिकवली, की सभेचा निर्णय आवडो न आवडो, तो पाळायचा. न पाळणाऱ्याला या गावात काय म्हणतात आणि त्याच्याशी कोण बोलत नाही, हे तुला सांगायला नको. आता माझ्या पोटात दुखतं म्हणून मी तो मोडायचा? मिस ओकलींना मी हा पेच समजावून सांगितला. त्या बराच वेळ पडद्यावर स्थिर होत्या. मला वाटलं फोन अडकला. मग म्हणाल्या, तुम्ही त्यांना नुसतं सांगू शकत नाही का? चांगली बाई आहे, पण हिने कधी सभा पाहिलेली नाही.

सभेत एक विषय निघालाच नाही. धुण्याच्या खोलीत आढ्याला नोरीनचं पुडिंग टांगलेलं आहे, कापडात बांधलेलं. ती दर वर्षी दोन करायची, एक त्या वर्षीचं, एक पुढच्या. हे तिने गेल्या वर्षी यंदासाठी केलेलं. त्यात मैदा आहे, मनुका आहेत, सुकी अंजिरं आहेत, सफरचंद आहे. मिस ओकलींचा सगळा शत्रुपक्ष एका फडक्यात बांधला आहे. नेव्हने तोंड उघडलं होतं, "आणि ते पुडिंग..." डल्सीने त्याच्या पायावर पाय दिला. बरं केलं. मी लोकशाहीवादी माणूस आहे, पण त्या पुडिंगच्या बाबतीत मी सभेचं ऐकणार नाही, डॉक्टरांचंही नाही. मी ते खाणार. मग जे व्हायचं ते होवो.

आता आठ दिवसांपूर्वीच्या रविवारचं ऐक. लिनेटला दाखवायचं ते जेवण त्या दिवशी दुपारी झालं. बाहेर त्रेचाळीस अंश, आत भट्टीत टर्की, म्हणजे आम्हा सगळ्यांना एकाच वेळी भाजायची सोय होती. टर्की मी भाजली आणि ती बरी झाली (पंख जळले, पण पंख कोणाला हवेत?). सारण, ग्रेव्ही आणि चीज-स्लॉ डल्सीचं. नाताळात घालतो त्या कागदी टोप्याही घातल्या. लिनेट फोनवर, आणि तो फोन सॉसच्या बाटलीला टेकवून टेबलाच्या डोक्याशी उभा केला होता, म्हणजे नोरीनच्या जागी. दुसरीकडे टेकवायला काही नव्हतं. मी सगळं खाल्लं, ताई. अल्पमताने बहुमताचा निर्णय अमलात आणायचा असतो; मी तो आतड्यांसकट आणला. सारण दोनदा घेतलं. खरं सांगू? चांगलं होतं. महिनाभर भात आणि उकडलेलं गाजर खाल्लेल्या माणसाला कांद्याची चव लागते तेव्हा त्याला आपली आईच दिसते.

मग मी उठलो. नाताळला नोरीनच्या आठवणीत पेला उचलून दोन शब्द बोलायचे, तर ते आधी एकदा म्हणून बघावेत, असं मनात होतं. मी म्हणालो, मित्रांनो, या टेबलाशी एक जागा... आणि इथे आतून हाक आली. ढोलासारखं फुगलेलं पोट, कपाळावर घाम, डोक्यावर जांभळी कागदी टोपी. मी 'जागा' म्हणालो आणि पळालो. घरातल्या शौचालयापर्यंत पोचणं शक्य नव्हतं, म्हणून परसातला जुना पत्र्याचा संडास गाठला. ताई, मी चौकात दगड खाऊन बोललो आहे, पावसात बोललो आहे, ध्वनिवर्धक बंद पडल्यावर बोललो आहे. भाषण अर्धं सोडल्याची ही माझ्या आयुष्यातली पहिलीच वेळ.

पत्र्यातून सगळं ऐकू येतं. नेव्ह म्हणत होता, "रडायला गेलाय बिचारा. आपल्यासमोर रडणार नाही." डल्सी म्हणाली, "जाऊ दे, मोकळा होऊ दे त्याला." नेव्ह म्हणाला, "तेच तर करतोय." मग डल्सीचा रडण्याचा आवाज आला, आणि सॉसच्या बाटलीपाशी लिनेट ओरडत होती, "बाबा कुठे गेले? डल्सीमावशी, त्यात कांदा होता का? खरं सांगा!" मला आतून ओरडून सांगायचं होतं की मी रडत नाहीये, हे निव्वळ पोट आहे. पण मी डोळ्यांना हात लावला तर तिथेही ओलं होतं. कुठल्या कारणाने ते मला अजून ठरवता आलेलं नाही. भट्टीसारख्या तापलेल्या पत्र्यात बसून माणूस कारणं वेगळी काढू शकत नाही.

संध्याकाळी लिनेटचा फोन आला. भांडली असती तर मी जिंकलो असतो. ती भांडली नाही. म्हणाली, "बाबा, मी चोवीस तारखेला गाडी घेऊन येते आणि तुम्हाला इकडे आणते. पुडिंगही घेऊन येऊ." मी म्हणालो, पुडिंग या घरातून हलणार नाही. ती म्हणाली, मग राहू द्या. तिने फोन ठेवला आणि मी अंधार पडेपर्यंत ओसरीवर बसून राहिलो. सगळं गाव दिवे लावत होतं. समोरच्यांनी छतावर पुठ्ठ्याचं हरीण चढवलं आहे, त्याला ऊन लागून त्याची मान वाकली आहे. मी आणि ते हरीण बराच वेळ एकमेकांकडे बघत होतो.

असो. तुझ्या भागात चेरी आल्या असतील. चेरी मला चालत नाहीत. तू खा. गुडघ्याची काळजी घे, आणि जिना उतरताना नव्याला आधी पुढे कर, जुन्याला नाही.

तुझा भाऊ,
क्लॅरी

ता. क. एक कामाची गोष्ट राहिली. झालेला ठराव रद्द करता येतो, पण नियम असा आहे की ज्याने बहुमताच्या बाजूने मत दिलं त्यानेच तशी सूचना मांडायची. मी मांडू शकत नाही, कारण मी हरलेल्या बाजूला होतो. नेव्ह मांडू शकतो, पण नेव्हने डल्सीविरुद्ध काही मांडल्याचं या गावाच्या इतिहासात नाही. डल्सी रविवारपासून कुंपणापाशी फिरकलेली नाही. नेव्हच्या तोंडून निरोप आला की दोष कांद्याचा नाही, भाषणाचा आहे, भरल्या पोटी कोणी एवढ्या जोरात बोलतं का? राहिलीस तू. सूचना मांडणाऱ्याला सभेत प्रत्यक्ष हजर राहावं लागतं, फोनवरून चालत नाही. तेव्हा तुला यावं लागेल. मागची खोली लावून ठेवली आहे, पंखा नवा आहे. हे फोनवर सांगितलं नाही, कारण फोनवर तू लगेच नाही म्हणतेस. पत्राला नाही म्हणायचं तर तिकीट लावावं लागतं.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवणार होतो तेवढ्यात डल्सी कुंपणापाशी आली. डोक्यावर टोपी, हातात टोमॅटो. म्हणाली, "क्लॅरी, मी मांडते. कांदा काढा. पातीची ती निर्दोष पोरं घालून बघते." टोमॅटोंच्या वाफ्यामागून नेव्ह ओरडला, अनुमोदन! मंजूर झालं. म्हणजे ठरावासाठी तू यायची गरज उरलेली नाही. आणि प्रत्यक्ष हजर राहायचा तसा काही नियमही नाही, तो मी वर घातला. पण लिनेटला हे कळवलं तर ती म्हणाली, कांद्याचा प्रश्नच नाही, बाबा, तुम्ही त्या घरात एकटे आहात हा प्रश्न आहे. थेल्माआत्या येऊन राहणार असेल तर आम्ही सगळे तिकडे येतो, नाहीतर तुम्ही इकडे.

ता. क. तिसरा. तू येतेस असं मी तिला सांगून टाकलं. ती फोनवर रडली आणि तुझं विमान कधीचं म्हणून विचारू लागली. मी म्हणालो, कळवतो. याला खोटं म्हणू नकोस. मी निकाल जाहीर केला आहे, मतदान तेवढं राहिलं आहे.